हात कुठे थांबवायचा, हे १५ दिवसांत येत नाही

मा. संपादक, स. न. वि. वि.

ठाणे स्टेशनाबाहेर कोपरीच्या बाजूला सध्या एक जाहिरात चिकटवलेली दिसते : ‘१५ दिवसांत मसाज थेरपिस्ट व्हा.’ मी २३ वर्षं ठाण्यात घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि म्हाताऱ्या बायकांची मालीश करते. ती जाहिरात वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय, म्हणून हे पत्र.

१५ दिवसांत हात फिरवायला येईलही. पण दोन वर्षांपूर्वी कळव्याला एका घरी गेले होते. सुनेचं सिझेरियन होऊन १९ दिवस झाले होते. सासूबाई म्हणाल्या, “डाव्या पोटरीत गोळा आलाय हिच्या, जरा जोरात रगडून मोकळा करा.” मी तेलाची वाटी खाली ठेवली आणि दोन्ही पोटऱ्यांना पालथा हात लावून पाहिला. डावी गरम लागत होती. उजव्या पायातलं पैंजण सैल, डाव्यातलं कातडीत रुतलेलं. म्हटलं, आज या पायाला तेल नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. सासूबाई चिडल्या, “मग तुम्हाला बोलावलं कशाला?” दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती पोटरी रगडली असती, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे हा धोका जास्त असतो, सिझेरियन झालेलीला आणखी. आणि आपल्याकडे सव्वा महिना मालीश करतात, म्हणजे नेमके तेच दिवस.

मला हे माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं नव्हतं. तेल किती कोमट हवं, बाळ पायांवर कसं घ्यायचं, हे त्यांचं. पोटरीचं एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं. त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. तिथेच काही जुन्या सवयी सोडल्या. बाळाच्या नाकात तेल सोडणं, बाळाचीच छाती पिळून ‘दूध काढणं’ हे मीही करायचे. आता कोणी कितीही आग्रह केला तरी करत नाही. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, पिळलेल्या छातीत पू होऊ शकतो.

आणखी एक, नव्या मुलींसाठी. पहिली दहा वर्षं मी सगळा जोर अंगठ्यांवर दिला. आज उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की बरणीचं झाकण फिरत नाही. कोपर सरळ ठेवायचं, एक पाय मागे घ्यायचा आणि अंगाचा भार तळहातातून हळूहळू सोडायचा, हे फार उशिरा कळलं. आता दिवसाला चारच घरं करते. माझ्या ओळखीची एक मुलगी ॲपवरून सात घेते, वय २४, आणि मनगटाला पट्टा बांधून येते. तिला कोणी सांगितलंच नाही.

वाचकांना एक विनंती. मालीशवाली ठरवताना ‘किती घेता?’च्या आधी ‘मालीश कधी करत नाही?’ हे विचारा. आणि ऑपरेशन कधी झालं, ताप आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, असं आम्ही दारातच विचारलं तर राग मानू नका. आजींची गोळ्यांची डबी आणून दाखवलीत तर फारच बरं.

— एक मालीशवाली, कोपरी, ठाणे (पूर्व)