फाइल परत पाठवणारे राष्ट्रपती

माननीय संपादक महोदय,
स. न.

के. आर. नारायणन यांच्यावरील आपल्या दैनिकातील लेख वाचला. 'देशाचे पहिले दलित राष्ट्रपती' एवढ्यावरच तो बव्हंशी थांबतो, म्हणून हा पत्रप्रपंच. ती ओळख मोलाची आहेच. केरळातील एका गरीब वैद्याचा, फी थकल्यामुळे वर्गाबाहेर उभा राहून धडे ऐकणारा मुलगा १९९७ मध्ये राष्ट्रपती भवनात पोहोचला, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र तेथे पोहोचल्यावर त्यांनी जे केले, त्याची मुळे मला परराष्ट्र सेवेत दिसतात.

लंडनमध्ये राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकून आलेले नारायणन १९४९ मध्ये या सेवेत दाखल झाले. रंगून, टोकियो, बँकॉक, अंकारा अशा नेमणुकांनंतर १९७६ मध्ये त्यांना बीजिंगला पाठवण्यात आले. सुमारे पंधरा वर्षे तेथे भारताचा राजदूतच नव्हता. तुटलेला संवाद शब्द मोजूनमापून पुन्हा सुरू करण्याचे ते काम होते. पुढे वॉशिंग्टनचे राजदूतपद, १९८४ पासून ओट्टपालमची खासदारकी, मंत्रिपद आणि उपराष्ट्रपतिपद हे सर्वश्रुत आहे.

ऑक्टोबर १९९७ मध्ये मुख्यमंत्री कल्याणसिंह यांनी विधानसभेत विश्वासमत जिंकलेले असतानाही केंद्रातील गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ना जाहीर वाद घातला, ना निमूटपणे सही केली. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींना एकदा परत पाठवता येतो, पण फेरविचारानंतर तो पुन्हा आला तर मानावाच लागतो, या घटनेच्या ७४व्या अनुच्छेदातील तरतुदीचा आधार घेऊन त्यांनी ती फाइल फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. वर्षभरात वाजपेयी सरकारच्या बिहारविषयक शिफारशीलाही त्यांनी तोच न्याय लावला. फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारची शिफारस पुन्हा आली तेव्हा मात्र त्यांनी सही केली. अधिकाराची कड नेमकी कोठे संपते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'मुत्सद्दी' या शब्दाला आपल्याकडे हल्ली कावेबाजपणाचा वास येतो. येथे तो जुन्या, चांगल्या अर्थाने शोभतो.

अर्थात, मुत्सद्दी म्हणजे मिठास बोलणाराच, असेही नाही. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष क्लिंटन यांच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत, भारतीय उपखंड हे जगातील सर्वांत धोकादायक ठिकाण असल्याच्या विधानाचा त्यांनी पाहुण्यांसमोरच प्रतिवाद केला. यजमानाने असे बोलावे का, यावर तेव्हा टीका झाली. मला ते बोलणे योग्य वाटते, कारण तो आक्षेप भारताच्या वतीने राष्ट्रप्रमुखानेच नोंदवायला हवा होता.

आपल्या लेखात यांपैकी काहीच नाही. पुढे कधी या विषयावर लिहाल, तेव्हा निदान उत्तर प्रदेशच्या त्या फाइलीला थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक