साठ लेबलांनाही नाही न म्हणणाऱ्या छापखान्यातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा हिशेब लागला, तेव्हा पहिलं पत्र तुम्हालाच.

३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री बातमी आली, की २२ तारखेपासून नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार. अर्धा किलो चिवड्याची २८० ही किंमत २६२ वर आणायची, म्हणजे लेबल नवं. आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

पूर्वी मी दुसरीकडे ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा बनवून छापणाऱ्या मशीनवर, छापून घ्यायचे. चार रंगांच्या चार प्लेटा, मशीन जुळवताना वाया जाणारे कागद; पन्नास छापा की पाच हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून पाच हजारांच्या खाली कामच घेत नसत. मग आमचा पत्ता बदलला आणि तीन हजारांवर लेबलं रद्दीत गेली. स्वतःच्या हातांनी फाडली होती मी ती.

यंदा घरात जुन्या लेबलांच्या दोनच शीट होत्या. कारण तुमचा हट्ट, "ताई, पंधरा दिवसांची छापा. संपली की या." तुमच्या डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, फाइलमध्ये आकडा बदलला की झालं, हे तुम्हीच समजावलंत. जास्त छापली असती तर पैसे तुम्हालाच मिळाले असते.

नव्या किमतीची लेबलं करायला आले त्या दिवशी १२ बाय १८ इंची स्टिकर शीटवर प्रूफ काढलंत आणि परवाना क्रमांकाचे आकडे बोटाने मोजलेत. तेराच भरले! एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक चौदा आकडी. टाइप करताना माझ्याकडूनच एक सुटला होता. तसा माल दुकानात गेला असता तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. संध्याकाळी हाफ-कट केलेली, म्हणजे मागचा कागद अखंड ठेवून कापलेली, लेबलं घेऊन मी घरी होते.

नाचणीच्या चकलीचा पहिला घाणा चाळीस पाकिटांचा, तर लेबलंही चाळीसच. एका ऑफिसच्या साठ डब्यांवर साठ वेगळी नावं, तीही एकाच छपाईत. ते डबे उघडण्याआधी लोकांनी फोटो काढले म्हणे.

आणि साध्या चिवड्याचा खप वाढला तेव्हा तुम्हीच म्हणालात, की न बदलणारा मजकूर हजारोंनी लागला तर ऑफसेटच स्वस्त पडेल, तिकडे जा. स्वतःचं गिऱ्हाईक असं कोण पाठवतं, काका?

डिंकाच्या लाडवांची लेबलं छापून घ्यायला सोमवारी येते. साठच हवीत. डबाही आणते, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
चिवड्याची ताई