टोपलीतल्या म्हाकुलाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यातली म्हाकुलाच्या (स्क्विडच्या) दरांची बातमी वाचली. त्याच म्हाकुलाच्या भाऊबंदांपाशी, म्हणजे ऑक्टोपसांपाशी, एक तत्त्वज्ञ वर्षानुवर्षं बुड्या मारतोय, हेही किनाऱ्यावरच्या वाचकांना कळावं म्हणून हे पत्र.

पीटर गॉडफ्री-स्मिथ हे सिडनीचे, जन्म १९६५. स्टॅनफर्ड, हार्वर्ड आणि न्यूयॉर्कला शिकवून ते सिडनी विद्यापीठात आले. विषय जीवशास्त्राचं तत्त्वज्ञान. नैसर्गिक निवडीवरच्या त्यांच्या २००९ च्या ग्रंथाला विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातल्या लेखनासाठीचा लाकाटोश पुरस्कार मिळाला. एक जीव कशाला म्हणायचं, हा त्यातला मला भिडलेला प्रश्न. परसातली केळ घ्या. ती व्यायली की मरते, पण कंदातून मुनवे आलेले असतात. मग ही दहा झाडं की एकच? तीस वर्षं मी वर्गात शाखीय पुनरुत्पादन शिकवलं, पण हे कधी मनात आलं नाही.

लोकांना ते माहीत झाले ऑक्टोपसमुळे. ऑस्ट्रेलियातल्या जर्विस बे इथे मॅथ्यू लॉरेन्स या पाणबुड्याला २००९ मध्ये शिंपल्यांच्या ढिगावर ऑक्टोपसांची वस्ती सापडली. एकलकोंडा समजला जाणारा हा प्राणी तिथे शेजाऱ्यांत राहतो. हातांत गाळ-शिंपले गोळा करून पाण्याच्या झोताने उडवतो, कधी ते शेजाऱ्याच्या अंगावर जातात. गॉडफ्री-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, निम्म्याहून जास्त हातांतच. त्याचा आणि आपला सामाईक पूर्वज सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीचा, चिमुकल्या कृमीसारखा. म्हणजे मोठा मेंदू निसर्गात वेगवेगळ्या वाटांनी घडला, माणसाच्या दिशेने चढत जाणारी एकच शिडी नव्हती. आणि एवढा मेंदू जेमतेम एक-दोन वर्षं जगण्यासाठी! हे वाचून मी त्यांचं पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

मग हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावातलं एक म्हाकूल आठवलं. टोपलीत वरच पडलं होतं. अंगावर तपकिरी ठिपके फुटायचे, विरायचे, पुन्हा फुटायचे. मावशी म्हणाल्या, “अजून जीव आहे त्यात.” रंगपेशी आकुंचन-प्रसरण पावतात, एवढं मला पाठ होतं. त्याला काही जाणवत असेल का, हे मी विचारलं नव्हतं. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात म्हाकूल, ऑक्टोपस, खेकडे, कोळंबी यांना संवेदनाक्षम मानलं. त्यामागचा पुरावा तपासणाऱ्या गटाचे प्रमुख जोनाथन बर्च हेही गॉडफ्री-स्मिथांच्याच विषयातले तत्त्वज्ञ.

मी मासे खाते, खाणार आहे. माझं मागणं एवढंच की रविवारच्या पुरवणीत या विषयाला मराठीतून जागा द्या, आणि ती पुस्तकांपुरती ठेवू नका. जाळ्यात आलेला ऑक्टोपस काय काय करतो, हे आमच्या खलाशांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना कुणी विचारलेलं नाही. आपला वार्ताहर आला तर लिलावाच्या वेळी मी बंदरावर असेन, ओळखी करून देईन.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
हर्णै, ता. दापोली