फिजिओ बंद करा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत क्रेनिओसेक्रल थेरपीवर (डोक्याला आणि मणक्याला हलका हात लावून करतात ती) लेख आला, सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम होतो तो आजार) आणि ऑटिझमच्या मुलांना खूप फायदा होतो असं त्यात होतं, तो वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले. आम्ही हे करून बघितलंय. माझी मुलगी आता साडेपाच वर्षांची आहे, सातव्या महिन्यात झाली, 41 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होती, तिला स्पास्टिक डायप्लेजिया आहे म्हणजे सीपीचाच प्रकार, दोन्ही पाय कडक. ती तीन वर्षांची असताना आम्ही दर पंधरा दिवसांनी सांगलीहून पहाटेच्या एसटीने तिला पुण्याला न्यायचो, एका सेशनचे 1800 रुपये, अशी बारा सेशन केली.

तिथल्या थेरपिस्ट बाई तिला गादीवर झोपवून डोक्याखाली हात ठेवायच्या, मग कमरेखाली मणका संपतो तिथे, आणि पाऊण तास तसंच. दाब अगदी हलका, पाच ग्रॅमचा म्हणतात, म्हणजे एखाद्या नाण्याएवढा. मेंदू आणि मणक्याभोवती जे पाणी असतं त्याची एक लय असते, ती हाताला कळते आणि अडली असेल तर मोकळी करता येते असं त्यांनी समजावलं. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई तेल लावून डोकं गोल करतातच, त्यामुळे डोक्याला हात लावून काही सुधारतं हे घरात कुणाला वेगळं पटवावंच लागलं नाही.

आणि खरं सांगते, मुलगी तिथे शांत व्हायची. एकदा तर गाढ झोपली, तिला तशी झोपलेली बघून मला रडूच आलं, कारण घरी रात्री तिचे पाय ओढले जायचे आणि ती दर दीड तासाने उठायची. पाऊण तास कुणीतरी फक्त तिच्याजवळ बसतंय, घाई नाही, "हिला काय येतं काय येत नाही" हे प्रश्न नाहीत, हे आम्हाला दवाखान्यात कधी मिळालं नव्हतं. आईबाप तिकडे का जातात ते मला नीट माहितीये, त्यांना कुणी अडाणी म्हणू नये.

पण चौथ्या सेशनला त्या म्हणाल्या की फिजिओ आणि स्ट्रेचिंग थांबवा, त्याने शरीर पुन्हा आखडतं, रात्रीचे एएफओही (घोटा सरळ ठेवायला पायात घालतात ते आधार) नकोत. आम्ही ऐकलं. सासूबाई रोज म्हणायच्या अगं पाय तरी ओढत जा तिचे, मीच त्यांना गप्प केलं. तीन महिन्यांत टाचा जमिनीला टेकेनात, एएफओ पायात बसेना, हाडांच्या डॉक्टरांनी बघितलं आणि दोन वेळा प्लास्टर घालावं लागलं. प्लास्टर कापायच्या मशीनच्या आवाजाला ती अजून घाबरते, घरात मिक्सर लावला तरी कान झाकते.

नंतर मी वाचायला लागले. सदरलँड नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथने (हाडं-स्नायू हाताने हाताळून उपचार करणारा) कवटीची हाडं हलतात ही कल्पना मांडली आणि 1970 च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या अपलेजर यांनी त्यातून ही थेरपी उभी केली. पण एकाच माणसाची लय दोन थेरपिस्टनी मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे तपासून झालेलंय. इंग्लंडमध्ये याच मुळाच्या क्रेनियल ऑस्टिओपॅथीची सीपीच्या 142 मुलांवर चाचणी झाली, 2011 साली छापून आली, मुलं 5 ते 12 वर्षांची. कुणाला ट्रीटमेंट मिळाली हे माहीत नसलेल्या फिजिओंनी हालचाल मोजली तर फरक दिसला नाही. तरीही ट्रीटमेंट घेतलेल्यांपैकी 38 टक्के आईबाप म्हणाले मूल सुधारलं, न घेतलेल्यांत 18 टक्के. मी तेव्हा त्या 38 मध्येच असते, सगळ्यांना फोन करून सांगत होते की फरक पडतोय म्हणून.

परवडत असेल आणि मुलाला बरं वाटत असेल तर हलका हात लावून घ्यायला माझी ना नाही. पण चालू असलेली फिजिओ, फिट्सचं औषध, एएफओ यातलं काहीही बंद करा म्हणणाऱ्याकडून त्याच दिवशी उठून या, आणि "तुमचं रजिस्ट्रेशन कुठल्या कौन्सिलचं" हे पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका, मी लाजले होते.

2013 पासून सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी सेंटर (मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारी जिल्हा केंद्रं) झालीत, तिथे फिजिओ, स्पीच सगळं फुकट मिळतं, हे मला मुलगी चार वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. निरामय या सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा, तेही दुसऱ्या एका आईकडून बाकावर बसल्या बसल्या कळलं. तुम्ही लेखाखाली क्रेनिओसेक्रल थेरपीच्या सेंटरचा फोन नंबर छापलात, तर पुढच्या रविवारी त्याच जागी आपल्या जिल्ह्यातल्या डीईआयसीचा पत्ता आणि ओपीडीचे वार पण छापा, एवढी विनंती आहे.

आपली,
एक आई, सांगली