सरासरीत लपलेला सैल थर

महोदय,

भूकंपात पूल पडला की चर्चा काँक्रीट आणि सळ्यांवरच होते. जपानमधील निइगाता येथे 16 जून 1964 रोजी झालेल्या भूकंपात शोवा पुलाचे गाळे नदीत पडले, तेव्हा तो पूल नवाकोरा होता. दगा दिला तो पायाखालच्या वाळूने. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कण दाटीवाटीने बसू पाहतात, मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. हेच द्रवीभवन.

ते ताडण्याची सीड आणि इद्रिस या भूतांत्रिक अभियंत्यांची 1971 ची पद्धत आजही, सुधारणांसह, वापरात आहे. घोळ होतो तो तिला पुरवलेल्या आकड्यांत. प्रमाणित भेदन चाचणीत (जमिनीत नळी ठोकून थर किती घट्ट ते पाहतात; ठोके जितके जास्त तितका थर घट्ट) 63.5 किलोचा घण सुमारे 75 सेंटिमीटरवरून पडतो. नळीच्या शेवटच्या 30 सेंटिमीटरचे ठोके मोजून ते घणाची 60 टक्के ऊर्जा नळीपर्यंत पोहोचते या मापावर आणतात. ऊर्जा 45 टक्केच पोहोचत असेल, तर नोंदलेले 20 ठोके खरे 15 च. उलट, बोअरमधले (चाचणीसाठी घेतलेल्या छिद्रातले) पाणी भूजलपातळीखाली उतरू दिले तर तळाची वाळू उसळून सैल होते आणि बरा थरही वाईट दिसतो. भूजलपातळी कोरड्या ऋतूतली धरणे, हीदेखील नेहमीची चूक. पाणी जमिनीलगत आले की एकूण आणि परिणामी (पाण्याचा दाब वजा केलेल्या) ताणाचे गुणोत्तर दोनच्या आसपास जाते, म्हणजे त्याच हादऱ्याचा भार जवळपास दुप्पट.

सर्वांत घातक सवय सरासरीची. एकाखाली एक थरांच्या 25, 8 आणि 27 ठोक्यांची सरासरी 20. जमीन तपासणीचा अहवाल ‘मध्यम घट्ट’ म्हणून मोकळा! पाइल (जमिनीत खोल नेलेले पायाचे खांब) मात्र त्या 8 च्या थराच्या वरखालच्या सीमेवर मोडतात.

सुरक्षा गुणक (वाळूची द्रवीभवन सोसण्याची ताकद भागिले भूकंपाचा भार) 1 च्या खाली गेला की ‘पाइल खोल न्या’ एवढाच सल्ला मिळतो. तो अपुरा आहे. द्रवलेल्या थरात पाइलचा आडवा आधार जवळजवळ जातो, बाजूचे घर्षणही. काठ नदीकडे सरकू लागला तर वरचा न द्रवलेला कठीण थर पाइलला ढकलत नेतो. हा भार अबटमेंटजवळ, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधाराजवळ, सर्वाधिक. पुढे वाळू खचताना पाइलला खालीही ओढते. ही गणिते पिअरनिहाय (पुलाच्या प्रत्येक मधल्या खांबासाठी), पुराने तळ खरवडल्यानंतरची पातळी धरून, अहवालात छापली जावीत.

– एक भूतांत्रिक अभियंता