आंब्याच्या पट्टीवरचे आकडे

संपादक महोदय,

हंगाम सुरू झाला की वाशीहून रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांकडे आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे अडत्यांनी पाठवलेले विक्रीचे हिशेब, येऊ लागतात. हल्ली त्या संगणकावर छापलेल्या असतात आणि कित्येकांवर २,३१,२५० ऐवजी २३१,२५० असे असते. लाखाचा आकडा असा तुटला की वाचणारा अडखळतो. पायथॉन या संगणकभाषेतला नेहमीचा स्वल्पविराम तीन-तीनाचेच गट पाडतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेतल्या, आकडे मांडून देणाऱ्या 'इंटल नंबरफॉरमॅट'ला 'ईएन-आयएन' (भारतीय इंग्रजी) सांगितले की लाख-कोटी जागेवर येतात. 'एमआर-आयएन' (मराठी) सांगितले तर अंकही देवनागरी होतात. एका ओळीचे काम आहे, ते टाळायला सबब नाही.

खरा घोटाळा होतो तो छापण्यासाठी सजवलेला आकडा पुन्हा हिशेबात घेतल्यावर. इंग्रजी अंकांत लिहिलेला २,३१,२५० हा मजकूर जावास्क्रिप्टच्या 'पार्सफ्लोट'ला, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेला, दिला, तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि हाती राहतात २ रुपये! चूक झाल्याचा संदेशही येत नाही. देवनागरी अंक दिले तर 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नाही', असे उत्तर येते. ते निदान डोळ्यांत भरते. म्हणून साठवायची रक्कम वेगळी आणि दाखवायचा मजकूर वेगळा.

मासळीच्या बिलात पैशांचा फरक येतो तोही असाच. २.३४५ किलो बांगडा २७५ रुपयांनी ६४४.८७५ होतो, १.२३५ किलो कोळंबी ३२५ रुपयांनी ४०१.३७५. ओळींवर ६४४.८८ आणि ४०१.३८ छापले जाते, त्यांची बेरीज १०४६.२६. खाली मात्र १०४६.२५, कारण ती बेरीज न छापलेल्या दशांशांची असते. एका पैशाचाच फरक, पण गिऱ्हाईक बोट ठेवते आणि विक्रेतीला उत्तर देता येत नाही. प्रत्येक ओळ एकदाच पैशापर्यंत पूर्ण करावी, ६४,४८८ अशी पूर्णांक पैशांत साठवावी आणि बेरीज त्यांचीच करावी.

रुपयाचे चिन्ह २०१० सालचे. जुन्या छपाईयंत्रांत ते नसते, तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. सरळ 'रु.' छापावे.

अडत्यांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी प्रणालीचे पैसे देण्याआधी एक नमुना बिल छापून घ्यावे. त्यात कोटीच्या वरची एक रक्कम, एक शून्य, हमाली-वाहतूक वजा जाता उणे गेलेली एक रक्कम आणि वरच्यासारख्या अर्ध्या पैशाच्या दोन ओळी असाव्यात. मग कागद-पेन्सिल घेऊन ते बिल ताडून पाहावे.

– एक संगणक प्रणालीकार, रत्नागिरी