वॅट सोड, व्होल्ट बघ

परभणी

प्रिय मित्रा,

वूफरला (स्पीकरमधला बेस वाजवणारा मोठा भाग) १०० वॅटचा इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर अँप एकाच डब्यात) आणि ट्विटरला (बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) १५ वॅटचा छोटा पॉवर अँप, मग वॅट जुळवायचे कसे, असं तू विचारलंस. ते जुळायची गरजच नाही गड्या. जुळायला हवा तो गेन, म्हणजे अँप सिग्नलचं व्होल्टेज किती पट वाढवतो ते, आणि त्यानंतर सांभाळायचं ते व्होल्टेज.

आधी दोन्ही स्पीकरच्या मागच्या, वूफर-ट्विटरचे टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढ. लाल बाजूची एक जरी राहिली तर एका अँपचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटला भिडतं आणि ट्रान्झिस्टर उडतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ हा बाणा इथे महागात पडतो. छोट्याला सिग्नल इंटिग्रेटेडच्या प्री-आउटमधूनच (व्हॉल्यूम नॉबनंतरचं आउटपुट) दे. टेप-आउटमधून (नॉबच्या आधीचं आउटपुट) दिलास तर नॉब फिरवल्यावर वूफर तेवढा कमी-जास्त होईल, ट्विटर जागचा हलणार नाही.

आता गेन. समज, इंटिग्रेटेडच्या पॉवर भागाचा गेन २६ डीबी आहे, म्हणजे व्होल्टेज २० पट. आणि छोट्याचा २९ डीबी, म्हणजे २८ पट. मग ट्विटर ३ डीबी पुढे धावणार. भजन लावलंस तर टाळ कानात घुसतील आणि पखवाज मागच्या खोलीत वाजतोय असं वाटेल.

हे कानाने जुळवू नकोस, मोजून जुळव. स्पीकरच्या वायरी काढ (छोटा अँप व्हॉल्व्हचा असेल तर त्याला मोकळा ठेवू नकोस, ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लोड म्हणून जोड). ४०० हर्ट्झचा टोन लाव आणि इंटिग्रेटेडच्या लाल-काळ्या टर्मिनलवर २ व्होल्ट एसी येईपर्यंत नॉब फिरव. नॉबला हात न लावता छोट्यावर मोज, २.८ च्या आसपास येईल. बऱ्याच स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, तिच्यावर २ व्होल्ट मोजण्यात अर्थ नाही. २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेला मीटर कुणाकडून तरी माग.

छोट्याला स्वतःचा नॉब असेल तर तो २ व्होल्टवर आणून वर चिकटपट्टी मार. नसेल तर त्याच्या इनपुटवर प्रत्येक चॅनेलला ३.३ किलोओहम सिरीजमध्ये, आणि त्याच्या पुढे, अँपच्या बाजूला, १० किलोओहम ग्राउंडला. इनपुट ४७ किलोओहमचं असेल तर यात जवळजवळ ३ डीबी उतरतात. रेझिस्टर १ टक्क्यावाले घे, नाहीतर डावं-उजवं जुळणार नाही.

मग मीटरची एक पिन एका अँपच्या लाल टर्मिनलला, दुसरी दुसऱ्याच्या लालला. जुळलं असेल तर रीडिंग जवळपास शून्य. ४ व्होल्ट दाखवले तर एक अँप सिग्नल उलटा करतोय. छोट्याच्या लाल आणि काळ्या स्पीकर वायरींची दोन्ही चॅनेलवर अदलाबदल कर. तसंच ठेवलंस तर क्रॉसओव्हरच्या (बेस वूफरला आणि बारीक सूर ट्विटरला वाटून देणारं सर्किट) पट्ट्यात आवाजाला खड्डा पडतो. ब्रिज जोडणीच्या क्लास-डी अँपवर मात्र ही चाचणी करू नकोस, त्याचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं.

आता खरी मेख. क्रॉसओव्हर स्पीकरच्या आत आहे, त्यामुळे छोट्या अँपला करंट फक्त ट्विटरपुरता द्यावा लागतो, पण व्होल्टेज सगळ्या गाण्याचं, ढोलासकट. ८ ओहमवर १५ वॅट म्हणजे ११ व्होल्ट. १०० वॅट म्हणजे २८. इंटिग्रेटेड १५ व्होल्टवर आरामात असतो तेव्हा छोटा आधीच क्लिप झालेला, म्हणजे सिग्नलची टोकं छाटायला लागलेला असतो, आणि तो चरचराट थेट ट्विटरमध्ये जातो. लोक वायर बदलत बसतात आणि दोष इथे असतो.

उपाय स्वस्त आहे: छोट्याच्या इनपुटला, त्या दोन रेझिस्टरांनंतर, ०.०१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर सिरीजमध्ये. ४७ किलोओहमवर तो साधारण ३३० हर्ट्झच्या खालचा बेस उतरवत नेतो, आणि क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झच्या आसपास असेल तर तिथे काही जाणवत नाही. कपॅसिटर सगळं मोजून झाल्यावरच लाव, आधी लावलास तर ४०० हर्ट्झचं रीडिंगच खोटं येईल.

हमिंग आलं तर दोन्ही प्लग एकाच बोर्डवर घे. अर्थिंगची पिन तोडायची नाही. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, खड्ड्यात पाणी घालत जा. अँप एकावर एक रचू नकोस, मे महिन्यात खोलीच तापलेली असते.

दोन्ही अँपच्या मागच्या पाटीवरचे आकडे आणि छोट्याचं इनपुट किती किलोओहमचं आहे ते लिहून पाठव. १० किलोओहम निघालं तर वरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर दोन्ही बदलावे लागतील.

तुझाच

मित्र